घरांतील बिनतारी इंटरनेट : पल्ला व वेग वाढविण्याचा विचार

शेतकऱ्याच्या घरांत इंटरनेट ही आतां चैनीची बाब राहिलेली नाहीं. सातबाऱ्याचा उतारा, बाजारसमितीचे भाव, हवामानाचा अंदाज, पीकविम्याचा अर्ज, मुलांचा अभ्यास, परगांवीं नोकरीस असलेल्या मुलाशीं बोलणें, हीं सर्व कामें आज त्याच एका वाटेनें होतात. २०११ सालीं मध्यवर्ती सरकारनें ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना मंजूर केली; पुढें तिलाच भारतनेट हें नांव मिळालें. तिच्या जोडीला खासगी केबलवाल्यांनींही आपले तंतु खेडोपाडीं नेले. त्यामुळें इंटरनेट दारापर्यंत आणण्याची अडचण पुष्कळ गांवांत दूर झाली आहे. उरली आहे ती दारापासून माजघरापर्यंतची.

संघाच्या बैठकीस येणारे सभासद बंधु याविषयीं ज्या तक्रारी सांगतात, त्या बहुधा एकाच सांच्याच्या असतात. ओसरीवर उत्तम चालतें, स्वयंपाकघरांत नुसतें चक्र फिरत राहतें, आणि मागच्या खोलींत मुळींच येत नाहीं. त्यावर जो उपाय केला जातो तोही एकाच सांच्याचा असतो. दरमहा अधिक पैसे भरून मोठी योजना घेतली जाते. चारी गाळानें बुजली असतां धरणाची उंची वाढवावी, तसा हा प्रकार आहे. आमचें मत असें कीं, आधीं मोजावें, मग राउटर हलवावा, मग जरूर तेथें तार ओढावी, आणि एवढें करूनही न भागल्यास पैशाच्या पिशवीला हात घालावा. आम्ही स्वतः याच्या नेमक्या उलट क्रमानें गेलों, आणि त्याची किंमत घरांतील एका मुलीस मोजावी लागली. म्हणून तो प्रकार प्रथम सांगतों.

आमचें घर जुन्या बांधणीचें आहे. पुढें ओसरी, मग माजघर, त्यामागें स्वयंपाकघर आणि सर्वांत मागें एक खोली. मधल्या भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फूट रुंद. फायबर जोडावयास आलेल्या मुलानें, तार जेथें आंत आली तेथेंच, ओसरीवरील लोखंडी कपाटाच्या मागें, भिंतीस खिळा मारून राउटर अडकविला. त्याचें काम दहा मिनिटांत संपलें, व आम्हांसही तें कपाटाआड दिसेनासें झालें म्हणून बरेंच वाटलें. त्या वर्षीं आमची पुतणी बारावीस होती आणि पुढील प्रवेशपरीक्षेची तयारी इंटरनेटवरील पाठांवरून करीत होती. तिची अभ्यासाची जागा मागली खोली. तेथें पाठ मध्येंच थांबत. सराव-परीक्षा तर तीन वेळां अर्ध्यावर तुटल्या. पौषाच्या थंडींत ती रात्रीं अकरा अकरापर्यंत ओसरीवर शाल गुंडाळून बसे. आम्हीं काय केलें? पन्नासची योजना सोडून शंभरची घेतली. मागल्या खोलींत काडीचाही फरक पडला नाहीं. मग तालुक्याहून लहरी पुढें ढकलणारें एक यंत्र आणून तें मागल्या खोलींतच लाविलें. त्यावर हिरवा दिवा लागला, एवढाच त्याचा उपयोग झाला. दोन्ही वेळां चूक कोठें झाली हें पुढें उलगडेल.

इंटरनेटचा पुरवठा व घरांतील वांटप या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. काचतंतूनें जें येतें तें कालव्याचें पाणी, आणि राउटरपासून आपल्या हातांतील फोनपर्यंत जें बिनतारी जातें ती आपल्या शेतांतील चारी. तक्रार करण्यापूर्वीं कोणती वाट अडली आहे हें ठरविलें पाहिजे. तें ठरविणें फार सोपें आहे. घरांत किंवा शेजारीं लॅपटॉप असेल तर तो तारेनें थेट राउटरला जोडावा, बाकीचीं सर्व यंत्रें बंद करावीं आणि वेग मोजावा. वेग मोजण्याचीं पानें इंटरनेटवर फुकट मिळतात. लॅपटॉप नसल्यास फोन राउटरपासून पांच-सहा फुटांवर, मध्यें कांहीं आड न ठेवतां धरावा. हें मोजमाप एकदां पहांटे व एकदां रात्रीं नऊच्या सुमारास करावें, कारण रात्रीं सारें गांव एकाच वेळीं पाणी उपसत असतें. तारेवरचा आकडा योजनेच्या जवळपास असेल तर पुरवठा ठीक आहे, आणि दोष घरांत आहे. तारेवरही रात्रीं निम्मा-चतकोरच मिळत असेल तर मात्र घरांत कितीही खटपट केली तरी व्यर्थ. आकडे तारीख-वेळेसह लिहून पुरवठा करणाऱ्याकडेच जावें. कागदावर लिहिलेल्या आकड्यांपुढें तोंडी टोलवाटोलवी फार वेळ चालत नाहीं.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख करणें अवश्य आहे. योजनेंत ‘५० एमबीपीएस’ असें लिहिलेलें असतें, तो सेकंदास ५० दशलक्ष बिट असा हिशेब होय. फोनवर उतरवून घेतलेली फाईल मात्र मेगाबाइटांत मोजतात, आणि ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणजे पन्नासच्या योजनेंत सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट आले कीं चारी पूर्ण भरून वाहत आहे असें समजावें. ‘पन्नास सांगतात आणि सहाच देतात’ अशी तक्रार घेऊन कित्येकजण भांडावयास निघतात, त्यांनीं आधीं आठानें भागून पाहावें.

आतां लहरीविषयीं दोन शब्द. राउटर ज्या लहरी सोडतो त्या रेडिओच्याच जातीच्या, परंतु फार आंखूड. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांब असते, म्हणजे साधारण वीतभरापेक्षां कमी; ५ गिगाहर्ट्झची तिच्या निम्म्याहून आंखूड. याहूनही आंखूड, मिलिमीटरांत मोजण्याजोग्या लहरी जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती. एके काळीं घरांत रेडिओ ठेवावयाचा तरी परवाना लागे. घरगुती वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यास आपल्या सरकारनें २००५ च्या नियमांनीं परवान्यांतून मोकळीक दिली, व ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ सालीं अधिक विस्तारानें, घराबाहेरील वापरासह, मोकळा केला. मोकळीक मिळाली ती ठराविक शक्तीच्या आंत. त्यामुळें ‘अधिक जोराचा राउटर’ या जाहिरातीला फारसा अर्थ नाहीं. शिवाय राउटर मोठ्यानें ओरडला तरी आपल्या फोनाचा आवाज लहानच असतो, आणि संभाषण दोन्ही बाजूंनीं व्हावें लागतें.

मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं लहरीची शक्ति चौथाई उरते. परंतु घरांत अंतरापेक्षां आडकाठीच अधिक घात करते. लांकडी दार, पातळ फळी यांतून लहर सहज जाते. नऊ इंची विटांची भिंत तिचा बराच भाग खाते. दोन फुटांची दगडमातीची भिंत याहून पुष्कळ अधिक, आणि सळ्या घातलेला सिमेंटचा गिलावाही कमी नव्हे. धातूचा पत्रा मात्र लहर जवळजवळ पूर्णपणें परतवून लावतो. लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी, पत्र्याचा आडोसा, मोठा आरसा हीं सर्व या वर्गांत येतात. पाणीही लहरी शोषून घेतें. म्हणून पाण्याची टाकी, ओलसर धान्याच्या पोत्यांची थप्पी किंवा ओल धरलेली भिंत हे अडथळेच होत. आमच्या घरीं आषाढांत भिंती ओलावल्या कीं आकडा तीन-चार अंकांनीं उतरतो, हें आम्हीं दोन वर्षें पाहिलें आहे.

हा ‘आकडा’ म्हणजे काय तें समजून घेतलें कीं निम्मी विद्या हातीं आली. लहरीची शक्ति मोजणारीं साधनें फोनवर फुकट मिळतात, व तीं ती शक्ति ‘डीबीएम’ या मापांत, उणे चिन्हासह दाखवितात. उणे पाहून पुष्कळजण बिचकतात. विहिरीचें पाणी जमिनीखालीं किती हात आहे तें आपण सांगतों, तसाच हा प्रकार समजावा. उणे ४० म्हणजे पाणी वर आहे, उणे ८० म्हणजे फार खोल गेलें. मात्र येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, दर ३ अंकांस शक्ति निम्मी होते आणि दर १० अंकांस दहावा हिस्सा उरते. उणे ५० पर्यंत उत्तम. उणे ६७ पर्यंत चित्र व आवाज न अडखळतां चालतात. उणे ७५ च्या खालीं वेग झपाट्यानें पडतो, आणि उणे ८५ ला जोडणी नांवापुरती उरते.

आम्हीं शेवटीं जें केलें तें असें. वहीच्या एका पानावर घराचा नकाशा काढला, त्यांत भिंती, दारें, कपाटें, कोठ्या दाखविल्या, आणि प्रत्येक खोलींत तीन ठिकाणीं उभें राहून आकडा लिहिला. ओसरीवर उणे ३८. माजघरांत उणे ६१. स्वयंपाकघरांत उणे ७४. मागल्या खोलींत पुतणीच्या टेबलाशीं उणे ८४. ओसरीपासून त्या टेबलापर्यंत ४६ अंकांचा उतार. म्हणजे ओसरीवर जी शक्ति होती तिचा सुमारें चाळीस हजारावा अंश मुलीच्या वाट्यास येत होता. कालव्यांत पन्नास सोडा कीं शंभर सोडा, या चारींतून तें जाणार कसें? मोठ्या योजनेचे आमचे पैसे कोठें गेले याचा उलगडा त्या पानावर झाला. यंत्राचीही गोष्ट त्यांतच आली. पुढें ढकलणारें यंत्र स्वतः ऐकेल तेंच पुढें सांगणार; त्याला आम्हीं जेथें कांहींच ऐकूं येत नाहीं अशा जागीं बसविलें होतें.

सबब पहिला उपाय राउटर हलविण्याचा. तो घराच्या मध्यभागीं, छातीपेक्षां उंच, उघड्यावर असावा. कपाटांत, टीव्हीच्या मागें, देवघराच्या पितळी भांड्यांआड किंवा जाड भिंतीच्या कोनाड्यांत तो ठेवूं नये. कोनाडा दिसावयास सोयीचा, पण तीन बाजूंनीं दगड. जुन्या घरांची एक सोय मात्र आहे, तिचा लाभ घ्यावा : पुष्कळ घरांत एकामागून एक दारें एका ओळींत असतात, आणि भिंत अडविते तेथें दार वाट देतें. आम्हीं राउटर माजघराच्या तुळईस, दारांच्या ओळींत येईल असा, लांकडी फळीवर टांगला. त्याच्या काड्या उभ्या ठेवाव्या. उभ्या काडीपासून लहर आडवी चोहोंकडे पसरते, टोंकाच्या दिशेनें फार थोडी जाते. वर माडी असेल तर एक काडी आडवी करावी.

राउटर हलवावयाचा तर काचतंतु पुढें न्यावा लागतो, व हें काम जाणत्याकडूनच करवून घ्यावें. तंतु करकचून वळविला तर आंतला प्रकाश बाहेर गळतो. मोडला तर घरीं सांधतां येत नाहीं. उंदरांची वर्दळ असेल तेथें तो नळींतूनच न्यावा. आमच्या फायबरवाल्यास एक फेरा अधिक पडला, एवढ्यावर काम भागलें. त्याच रात्रीं मोजलें, तों मागल्या खोलींत उणे ६८ आला आणि वेग दोन-तीनवरून ३१ वर गेला. यास खर्च म्हणावा असा झालाच नाहीं. पुतणीनें शाल घडी करून ठेवली. आणि हें आम्हांस सुचलें केव्हां, तर तिच्या परीक्षेस तीन आठवडे उरले असतां.

आतां पट्ट्यांची निवड. आजचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ चा पल्ला अधिक, भिंतींतून तो जरा बऱ्या रीतीनें जातो, पण वेग कमी आणि गर्दी फार. ५ चा वेग मोठा, पण भिंतीपुढें तो लवकर थकतो. काम बिघडत असेल तर दोन्ही पट्ट्यांस निरनिराळीं नांवें द्यावीं, म्हणजे फोन कोणत्या पट्ट्यावर आहे तें कळतें. ज्या खोलींत राउटर आहे तेथें व लगतच्या खोलींत ५, आणि दूरच्या खोल्यांस २.४. २.४ च्या पट्ट्यांत १३ मार्ग आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. १, ६ व ११ हे तीनच परस्परांपासून मोकळे. शेतावरील एकाकी घरास याची काळजी नाहीं. पेठेंत, भिंतीला भिंत लागून घरें असतील तेथें मात्र लहरी मोजणाऱ्या साधनानें शेजाऱ्यांचे मार्ग पाहावे आणि या तिहींतील सर्वांत मोकळा निवडावा. मार्गाची रुंदी २० वर ठेवावी. ४० केल्यानें वेग दुप्पट होईल असें वाटतें, पण गर्दींत शेजाऱ्याच्या बांधावर पाय पडून दोघांचेंही नुकसान होतें.

आणखी एक गोष्ट पाळीची. एका मार्गावर एका वेळीं एकच यंत्र बोलतें, बाकीचीं थांबतात. एखादा जुना फोन दूरच्या कोपऱ्यांतून रडतखडत चित्र ओढीत असेल, तर तो थोडेंसें काम करण्यास फार वेळ पाळी धरून बसतो आणि सर्व घराचा वेग उतरतो. टोंकाच्या शेताला पाणी पोहोंचेपर्यंत मधल्यांनीं वाट पाहावी तसें. म्हणून टीव्हीसारखीं जागा न सोडणारीं व फार पाणी पिणारीं यंत्रें तारेनें जोडावीं. एक टीव्ही तारेवर गेला कीं उरलेल्या फोनांस वाट मोकळी होते, हा अनुभव ताबडतोब येतो.

राउटर मध्यावर आणूनही एखादी खोली कोरडी राहिली तर काय? लहरी पुढें ढकलणारें यंत्र घ्यावयाचेंच असेल तर तें कोरड्या खोलींत न लावतां, वाटेंत, जेथें आकडा उणे ६० ते ६५ आहे अशा जागीं लावावें. पण साधें यंत्र एकाच मार्गावर ऐकतें व त्याच मार्गावर पुन्हा सांगतें, त्यामुळें वेग सुमारें निम्मा होतो. महाग ‘मेश’ संचांत तीन पट्टे असल्यास एक पट्टा यंत्रांच्या आपसांतील संभाषणासाठीं राखतां येतो. तें बरें, पण दगडी भिंतींच्या घरांत त्यांसही तीच भिंत ओलांडावी लागते. आमचा कल तारेकडे आहे. तार भिंत जाणत नाहीं.

अडगळींत पडलेला जुना राउटर बहुतेक घरांत असतो. तो मागल्या खोलींत ठेवून मुख्य राउटरपासून तारेनें जोडावा. दोन गोष्टी करावयाच्या : एक, त्या जुन्या राउटरचें पत्ते वांटण्याचें काम, म्हणजे ज्यास ‘डीएचसीपी’ म्हणतात तें, बंद करावयाचें आणि त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरहून निराळा ठेवावयाचा, नाहीं तर एका गांवांत दोन तलाठी अशी गत होते; दुसरी, तार त्याच्या निराळ्या रंगाच्या एकट्या भोंकांत न खोंचतां उरलेल्यांपैकीं एकांत खोंचावयाची. दोघांस तेंच नांव व तोच परवलीचा शब्द दिला तर फोन आपण होऊन जवळच्या राउटरकडे वळतो. आम्हीं अठरा मीटर तार तुळईच्या कडेनें नेली. मागल्या खोलींत आतां उणे ४२ असतो व शंभरच्या योजनेंतील ९० च्या वर हातीं येतात. मोठ्या योजनेचे पैसे तेव्हांपासून कामीं लागले.

तार घेतांना मात्र डोळे उघडे ठेवावे. शुद्ध तांब्याची मागावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते. ती लांब अंतरावर दगा देते आणि टोंकें लवकर तुटतात. टोंक चाकूनें खरवडून पाहिलें कीं आंतली पांढरी धातु दिसते. तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर. राउटरच्या पेटीवरील मोठ्या आकड्यांसही भुलूं नये. १२०० असें लिहिलेल्या पेटींत बहुधा ३०० व ८६७ या दोन पट्ट्यांची बेरीज असते, ती एका फोनास कधींच मिळत नाहीं. शिवाय स्वस्त पेट्यांतील तारेच्या भोंकांची मर्यादा कित्येकदां १०० च असते. तीवर ३०० ची योजना घेणें म्हणजे तीन इंची नळास एक इंची तोटी लावणें होय.

वीज जाण्याचा त्रास आपल्याकडे आहेच. राउटर फार थोडी वीज खातो, त्यामुळें त्याच्यापुरती लहान बॅटरी मिळते व ती तीन-चार तास सहज पुरते. घेण्यापूर्वीं राउटरच्या अडॉप्टरवरील व्होल्ट वाचावे. पुष्कळांचे १२ असतात, कांहींचे ९. परवलीचा शब्द लांब ठेवावा, हें सांगावयास नकोच. चावडीवर बसलेलीं दहा पोरें आपल्या चारींतून पाणी घेत असतील तर वरील सर्व मोजमाप फुकट.

अखेरीस विहिरीवरच्या जोडणीविषयीं लिहितों, कारण त्याबद्दल फार विचारणा होते. मोटारीची केबल चोरीस जाते म्हणून कॅमेरा हवा असतो, आणि मोटार घरूनच चालू-बंद करतां यावी अशीही इच्छा असते. विहिरीवर मोबाईलची रेंज चांगली असेल तर नुसत्या मोटारीकरितां सिमकार्डाचा स्टार्टर स्वस्त पडतो, तोच घ्यावा. कॅमेऱ्यास मात्र इंटरनेट अधिक लागतें. त्यासाठीं ५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या, एकाच दिशेस लहर फेंकणाऱ्या दोन पेट्यांची जोडी मिळते. एक घरावर, एक विहिरीवर, समोरासमोर. आमची विहीर घरापासून ३०० मीटरांवर आहे. घरावर छपराच्या कडेस वीस फुटांवर एक पेटी लाविली, व विहिरीवर दहा फुटांच्या खांबावर दुसरी. फाल्गुनांत सुरू ऊस हातभर होता, तेव्हां आकडा उणे ५८ आला व काम फत्ते झालें असें आम्ही समजलों. श्रावणांत तो उणे ७९ झाला, आणि पावसाची सर आली कीं जोडणीच तुटूं लागली. पेटी बिघडली म्हणून आम्हीं ती सोडवून दुकानांतही नेऊन आणली. बिघाड पेटींत नव्हता. मध्यें बारा फूट ऊस उभा राहिला होता, आणि ओली पानें म्हणजे पाण्याचाच पडदा.

येथें केवळ ‘एकमेकांस दिसतात’ एवढ्यानें भागत नाहीं. लहर ताणलेल्या दोरीसारखी जात नाहीं. मध्यें फुगलेल्या काकडीच्या आकाराची जागा तिला मोकळी लागते. ३०० मीटर अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झसाठीं ही काकडी मध्यभागीं रेषेच्या चोहोंबाजूंस सुमारें २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट फुगते, २.४ साठीं सुमारें ३ मीटर. तीपैकीं सहा दशांश तरी मोकळी पाहिजेच. तेव्हां बारा फूट उसावरून जावयाचें तर रेषा निदान सोळा फुटांवर, आणि निर्धास्त राहावयाचें तर साडेअठरा फुटांवर हवी. हा हिशेब खांब रोवण्यापूर्वीं करावयाचा, आणि तोही उभ्या पिकाच्या पुऱ्या उंचीचा धरून.

उंच खांबाबरोबर विजेचें भय येतें. वैशाख-ज्येष्ठांतील वळवाच्या वेळीं व आश्विनांत परतीच्या पावसांत गडगडाट सुरू झाला कीं दोन्ही टोंकांचा प्लग काढून ठेवावा. खांबास जाड तारेनें जमिनींत चांगली अर्थिंग द्यावी. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा विहिरीपर्यंत तांब्याची तार उघड्यावरून मुळींच नेऊं नये. जवळ वीज पडली तरी तिचा धक्का तारेनें घरांतील यंत्रांपर्यंत येतो. दोन इमारती तारेनें जोडावयाच्याच असतील तर काचतंतु घालावा. त्यांतून वीज वाहत नाहीं, आणि शंभर मीटरांची अटही त्यास नाहीं. तंतूबरोबर पोलादी आधारतार असलेली जात मात्र या कामीं घेऊं नये.

भाद्रपदांत आम्हीं विहिरीवरचा खांब वीस फुटांचा केला. दुसऱ्याच दिवशीं पाऊस असतां आकडा उणे ६० होता. माघांत ऊस तोडून नेला तेव्हां तो पुन्हा मोजला, उणे ५८.